न बिघडलेली इंजिनं

— शून्य.
— चारच बांगडे दे, कालवणापुरते. एवढे कोण खाणार?
— रकाना क्रमांक अकरा मोकळा सोडता येत नाही.
— खोकू नका, काका. हात जोडतो, खोकू नका.
— धोंडूचे सत्त्याऐंशी आले.
— अगो जनी, रडतेस कुणाला? मिस्त्री आत बसून चहा पितायत.
— परवाची तारीख घाल.
— मुसाला दुबईला पत्र लिहायचंय. त्यात हे सगळं कसं लिहू?
— कापूस होता ना कानात?

(१९८४चा ऑक्टोबर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराचा धक्का, त्याच्या टोकाशी मच्छीमार सोसायटीचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप. भागोजी मिस्त्री तिथे तेवीस वर्षं आहेत. रघू डोंगरापलीकडच्या गावातला, पण मुंबईच्या एका संस्थेत यंत्रांची आणि माणसांची तांत्रिक कामगिरी कशी मोजायची यावर संशोधन करतो. सकिना एका बोटीची मालकीण. नवरा मुसा दुबईला असतो, बोट तिचा भाऊ सुलेमान चालवतो.)

रघू: परत विचारतो, काका. सप्टेंबरात किती इंजिनं बंद पडली?

भागोजी: एक पण नाय.

रघू: ऑगस्टात?

भागोजी: नारळी पुनवेनंतर बोटी गेल्या. एक पण नाय.

रघू: बरं. त्यातली तुम्ही दुरुस्त किती केली?

भागोजी: बंदच पडली नाय तर दुरुस्त काय करू? तुझा पेन?

रघू: पेन चालू आहे, काका. प्रश्न पेनाचा नाही. हा निर्देशांक आहे. वर लिहायचे दुरुस्त केलेले बिघाड, खाली लिहायचे झालेले बिघाड. वरच्याला खालच्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तुमचं वरही शून्य, खालीही शून्य.

भागोजी: मग मार्क किती?

रघू: कॅल्क्युलेटरवर ई येतंय.

भागोजी: ई म्हणजे?

रघू: चूक.

भागोजी: कुणाची?

रघू: ते तो सांगत नाही.

सकिना: भागोजीभाई, बांगडे खुंटीला लावलेत, मांजर बघा. हा कोण? बर्फाचा इन्स्पेक्टर?

भागोजी: रघू. रावजीचा नातू, डोंगरापलीकडचा. माझी कामगिरी मोजायला मुंबईहून आलाय.

सकिना: मोज की, बाबा! लिही, सकिनाची बोट तेवीस वर्षांत एकदासुद्धा दोर बांधून ओढून आणली नाही. माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून. लिहिलंस?

रघू: ते लिहायला जागा नाही, चाची.

सकिना: एवढ्या मोठ्या कागदात?

रघू: खाडीपलीकडच्या धोंडू मिस्त्रींचा फॉर्म कालच भरला. झालेले बिघाड सत्तर. दुरुस्त एकसष्ट. सत्त्याऐंशी टक्के.

सकिना: त्या सत्तरातले वीस एकाच बोटीचे असतील. धोंडू एक नट आवळतो नि दुसरा खिशात घालून जेवायला जातो.

रघू: प्रत्येक वेळची दुरुस्ती वेगळी धरायची, असा नियम आहे.

भागोजी: म्हणजे पहिल्याच वेळी त्याने नट नीट आवळला असता तर?

रघू: तर कामाचा व्याप कमी दिसला असता. तक्ता क्रमांक दोनमध्ये त्यांचं नुकसान झालं असतं.

सकिना: या अल्ला. नि हा मुंबईला शिकून आलाय.

रघू: चाची, हसण्यावारी नेऊ नका. सोसायटीला दोन वर्कशॉप नको आहेत. एकच ठेवणार. अहवाल एक तारखेला द्यायचाय. चाळीसच्या खाली ज्याचा आकडा, ते वर्कशॉप बंद.

भागोजी: नि मिस्त्री?

रघू: बर्फाच्या कारखान्याच्या दारावर बसवणार म्हणे. लाद्या आत किती, बाहेर किती, ते बघायला.

भागोजी: नि आपल्या बोटी?

रघू: धोंडूकडे जातील.

सकिना: हां. आता नाही हसत.

*

रघू: काका, एक सांगा. तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?

भागोजी: ऐकतो.

रघू: काय ऐकता?

भागोजी: सकाळी बोटी सुटतात. एकूण एकोणीस. प्रत्येक बोट धक्क्याच्या टोकाशी हळू होते नि एकदा रेस देते. मी हितं उभा असतो. इंजिन बरं असलं की हात वर करतो, ती जाते. हात खाली ठेवला की ती परत फिरते. मग मी सांगतो काय हाय ते. नोजल, नायतर बेल्ट, नायतर पाण्याचा पंप. अर्ध्या तासात काम करून सोडतो.

रघू: अहो, मग हीच दुरुस्ती! हे आधी का नाही सांगितलंत? थांबा, लिहितो. शेवटची केव्हा केलीत?

भागोजी: काल. बाबल्याच्या बोटीचा बेल्ट.

रघू: छान. बिघाड किती वाजता झाला?

भागोजी: झाला नाय. होणार होता.

रघू: केव्हा?

भागोजी: परवा. दुपारनंतर.

रघू: परवा होणारा बिघाड मी आज कसा लिहू?

भागोजी: परवाची तारीख घाल.

रघू: पण परवा तर होणार नाही ना!

भागोजी: नाय. काल काढला ना.

रघू: मग झालाच नाही.

भागोजी: तेच सांगतोय तुला मगाधरनं.

सकिना: ए रघू, ऐक. माझ्या बोटीचा एक बिघाड लिहून टाक. मोठा लिही. बारीकसारीक लिहू नको, शेजारच्या बुरोंडी बंदरातले लोक हसतील. लिही, इंजिनाचे दोन तुकडे झाले.

रघू: मला डोळ्यांनी बघावं लागतं, चाची. सही असते माझी.

सकिना: मग दाखवू. भागोजीभाई, उठा. माझ्या इंजिनाचं काहीतरी बिघडवा.

भागोजी: मी?

सकिना: तुम्हीच. सुलेमानला सांगितलं तर तो वेडंवाकडं बिघडवील, मग ते बरं कोण करणार? नीट बिघडवणारा माणूस पाहिजे.

भागोजी: सकिनाबाय, चांगलं इंजिन मी कधी खोलत नाय.

सकिना: वर्कशॉप जाईल हो तुमचं! एक पाईप ढिला करायचाय, डोंगर फोडायचा नाही. जा. हा पाना घ्या. आम्ही दोघं हितं बसतो.

*

सकिना: केलात?

भागोजी: केला.

रघू: ढिला?

भागोजी: तीनदा केला. हात परत आवळून येतो.

सकिना: म्हणजे?

भागोजी: म्हणजे पाना उलटा फिरवतो, नट सुटतो. मी उठतो. चार पावलं येतो. मग मागे जाऊन आवळतो. तिसऱ्या वेळी सुलेमानने धरून ठेवलं मला, तरी पायाने आवळला.

रघू: आता इंजिन कसं आहे?

भागोजी: पहिल्यापेक्षा बरं. तो नट जरासा ढिलाच होता.

*

रघू: काका, मी रात्रभर विचार केला. मुंबईच्या सरांना ट्रंककॉल पण लावून आलो. मार्ग आहे. शास्त्रीय आहे.

भागोजी: सांग.

रघू: तुम्ही पंधरा दिवस गप्प बसायचं.

भागोजी: कशाला?

रघू: तुम्ही बोलता म्हणून इंजिनं बंद पडत नाहीत. बरोबर? मग तुम्ही बोलायचं थांबलात की ती बंद पडतील. जितकी पडतील तितकं तुमचं काम. समजा पंधरा दिवसांत बारा पडली. म्हणजे एरवी तुम्ही पंधरा दिवसांत बारा बिघाड अडवता. बारा हा तुमचा आकडा. छापील पुरावा!

भागोजी: नि ज्या बाराजणांची भर समुद्रात बंद पडतील, त्यांचं काय?

रघू: दुसऱ्या बोटी ओढून आणतील. धोंडूकडे रोज आणतात. समुद्र शांत आहे, रेडिओवर सांगितलंय.

सकिना: भागोजीभाई, कबूल करा. एखादा दिवस माझी बोट ओढून आणली तर आणली. धोंडूच्या हातात जन्मभर देण्यापेक्षा बरं.

भागोजी: ऐकू आलं तरी बोलायचं नाय?

रघू: नाही.

भागोजी: हात पण नाय?

रघू: हात मांडीखाली. तुम्ही नाहीच, असं समजायचं.

भागोजी: मी हाय, पण नाय.

रघू: अगदी बरोबर! असंच पुस्तकात लिहिलंय.

*

रघू: दिवस पहिला. वेळ सकाळचे सव्वासहा. काका, हात मांडीखाली. हां, तसेच.

भागोजी: ……

रघू: पहिली बोट आली. रेस दिली. आता जाईल... का फिरली?

सकिना: हात वर नाही ना झाला.

रघू: दुसरीपण?

सकिना: तिसरी, चौथी. ती बघ, पाचवी तर धक्क्यापर्यंत आलीच नाही. लांबूनच फिरली.

रघू: सांगा त्यांना! हात खाली याचा अर्थ इंजिन वाईट असा नाही!

सकिना: तेवीस वर्षं तोच अर्थ आहे.

रघू: एकोणीसच्या एकोणीस परत आल्या. काका, काही बोला. नको, नको! बोलू नका!

भागोजी: ……

*

रघू: दिवस दुसरा. आज काकांचा हात वर बांधलाय. झेंड्याच्या काठीला. सगळ्यांना हात वर दिसेल, सगळे जातील. काका, दुखतंय का? उत्तर देऊ नका.

भागोजी: ……

सकिना: चाललेत हो. सात. आठ. वा रे रघू, डोकं आहे तुला. नऊ...

रघू: बाबल्या का फिरला?

सकिना: मिस्त्री खोकले.

रघू: खोकला ही सूचना नाही, चाची!

सकिना: बाबल्या म्हणतो, एकदा खोकला म्हणजे फिल्टर. खोललाय त्याने. चोंदलेला निघाला.

रघू: काका, तुम्हाला खरंच खोकला आला होता की... नाही, सांगू नका. खोकू नका. हात जोडतो, खोकू नका.

*

रघू: दिवस चौथा. कानांत कापूस. डोळ्यांवर सकिनाचाचींची ओढणी. हात बांधलेला. आता काही होणं शक्य नाही.

सकिना: सुलेमान परत आला.

रघू: का?

सकिना: मिस्त्रींच्या पायाचा अंगठा हलला.

रघू: अंगठा!

सकिना: डाव्या पायाचा. डावा म्हणजे डिझेल. उजवा असता तर पाणी.

रघू: हे कुणी ठरवलं?

सकिना: कुणी ठरवायला कशाला पाहिजे? कळतं. सुलेमानने टाकी बघितली, तळाला पाणी होतं.

रघू: म्हणजे उजवा हलायला हवा होता!

सकिना: डिझेलात पाणी होतं, बाबा. डावाच.

*

रघू: दिवस पाचवा. काका आत आहेत. वर्कशॉपचं दार लावून घेतलंय. आता बाहेरून कुणाला काही दिसणार नाही... तो आवाज कसला?

सकिना: जनी रडतेय. रामाची बायको.

रघू: काय झालं?

सकिना: तेवीस वर्षांत हे दार दिवसा कधी लागलं नाही. तिला वाटलं, मिस्त्री गेले. अगो जनी, रडतेस कुणाला? मिस्त्री आत बसून चहा पितायत. हां, हां, जिवंत. नारळ घेऊन घरी जा. नाहीतर ठेवून जा, उद्या वड्या करू.

रघू: आणि बोटी?

सकिना: दार बंद असताना कोण जातंय बोट घेऊन?

रघू: पण मिस्त्री जिवंत आहेत ना?

सकिना: ते आत जिवंत आहेत. समुद्र बाहेर आहे.

*

रघू: दिवस तेरावा. दिवस पाच ते तेरा, एकही बोट गेली नाही. झालेले बिघाड, शून्य. दुरुस्त केलेले, शून्य. काका बोलत होते तेव्हा शून्य, काका गप्प आहेत तेव्हाही शून्य. म्हणजे काका असले काय, नसले काय, फरक शून्य. असं शास्त्राने सिद्ध झालं.

सकिना: तुझ्या शास्त्राला आग लाव. नऊ दिवस बर्फाचं पाणी होतंय. मुसाला दुबईला पत्र लिहायचंय. त्यात हे सगळं कसं लिहू? बोट बरी आहे, माणसं बरी आहेत, समुद्र बरा आहे, पण कुणी जात नाही, कारण भागोजीभाईंना बोलायची बंदी आहे?

रघू: चाची, एक बोट. फक्त एक जाऊ दे. अजून दोन दिवस आहेत. एकच इंजिन बंद पडलं तरी मी लिहीन. एक बिघाड, काका तो दुरुस्त करतील. एक भागिले एक. शंभर टक्के! धोंडूच्या वर!

सकिना: नि ती एक बोट कुणाची?

रघू: चहा घेणार का, चाची?

सकिना: सांग की. लाजतोस कशाला?

रघू: तुमची. सुलेमानमामा तयार आहेत. मी विचारलं त्यांना.

सकिना: तयार असणारच. नऊ दिवस घरात बसून माझं डोकं खातोय तो. जाऊ दे. उद्या सकाळी. पण भागोजीभाईंना बाहेर बसवायचं. तोंड समुद्राकडे नको, पाठ असू दे. कापूस असू दे. मुसाच्या बापाची बोट बंद दारासमोरून जाणार नाही.

*

रघू: दिवस चौदावा. सुलेमानमामा सुटले. अखेर! काका, उद्या संध्याकाळी संपलं सगळं. मग तुम्ही पोटभर बोला. मी पण तुमच्याकडून शिकीन म्हणतो. आता थोडं थोडं मलासुद्धा कळतं. ऐका. म्हणजे, नका ऐकू. टुक टुक टुक टुक. एकसारखं. कुठे खंड नाही.

भागोजी: ……

रघू: छान चाललंय इंजिन. फारच छान चाललंय, तीच काळजी आहे.

भागोजी: ……

रघू: असं बघू नका माझ्याकडे.

भागोजी: ……

रघू: काका, एक दिवस राहिलाय. पडलं बंद तर पडू दे. मुद्दाम रामाला दोर घेऊन तयार ठेवलंय. तासाभरात ओढून आणेल. कुणाचं काही जात नाही. आणि वर्कशॉप राहील तुमचं! तेच तर हवंय ना आपल्याला? बसा. काका, बसा खाली! दोरी तोडाल हाताची!

भागोजी: सुलेमान! ए सुलेमान! गिअर काढ! गिअर काढ मेल्या! इंजिन राहू दे, गिअर काढ! पुढे नको जाऊस! रामा, दोर घेऊन जा रे, हो पुढे!

रघू: संपलं.

भागोजी: गेला काय रामा? बघ जरा. मला हितनं दिसत नाय, डोळ्यांत पाणी हाय.

रघू: गेला. दोर टाकला. सुलेमानमामांनी धरला. काका, कापूस होता ना कानात?

भागोजी: धक्क्याला नव्हता.

रघू: काय?

भागोजी: ह्या दगडातून येतं ते. पायात. ठक् करून एक, मग बराच वेळ काय नाय. मग परत ठक्. ते इंजिन नव्हे. त्याच्या पाठीमागचं.

रघू: इंजिन बंद पडणार होतं?

भागोजी: नाय रे. इंजिन उत्तम. इंजिन शेवटपर्यंत चाललं असतं. पंख्याचा शाफ्ट सुटत होता. बारा वाव खोल पाण्यात मागे सरकला असता नि बोटीला मनगटाएवढं भोक. इंजिन चालू नि बोट खाली.

*

सकिना: हे काय?

भागोजी: कपलिंगचे बोल्ट, इंजिनाला शाफ्ट जोडणारे. चार असतात. हे तीन तुटलेले. हा चौथा, दोन आट्यांवर उभा होता. नऊ दिवस बोट हलली नाय, खारं पाणी लागून राहिलं. आधीच तडकले असणार. रोज ऐकलं असतं तर दोन आठवड्यांपूर्वीच कळलं असतं.

सकिना: सुलेमान तिकडे बसलाय. त्याला चहा दिलाय, तो हातात धरून बसलाय.

रघू: हा बिघाड धरतो मी. हे तीन तुकडे समोर आहेत. मी डोळ्यांनी बघतोय. लिहितो.

भागोजी: नियम काय हाय तो वाच आधी.

रघू: कशाला, काका?

भागोजी: वाच म्हणतो ना.

रघू: "बिघाड म्हणजे इंजिन चालू असताना ते आपोआप थांबणे."

भागोजी: थांबलं?

रघू: नाही. तुम्ही ओरडलात, मग सुलेमानमामांनी गिअर काढला.

भागोजी: नि मी ओरडलो नसतो तर थांबलं असतं?

रघू: नाही. म्हणजे... पाण्याखाली गेल्यावर थांबलं असतं.

भागोजी: ते आपोआप नव्हे.

सकिना: ए रघू, तुझ्या आईची शपथ आहे तुला, खोटं लिही. कोण बघायला येतंय? लिही, बंद पडलं, मिस्त्रींनी दुरुस्त केलं. एक भागिले एक. तू म्हणालास ना शंभर होतात?

रघू: लिहितो, चाची. खरंच लिहितो. माझं जे व्हायचं ते होईल. हे बघा, पेन टेकवलं.

भागोजी: उचल.

रघू: काका...

भागोजी: उचल तो पेन. माझ्या धक्क्यावर तेवीस वर्षांत एक इंजिन बंद पडलं नाय. मी पडू दिलं नाय. तू ते कागदावर पाडतोस?

रघू: वर्कशॉप जाईल! तुम्हाला कळतंय का? एक आकडा लिहिला की राहील, नाही लिहिला की जाईल!

भागोजी: कळतंय.

सकिना: भागोजीभाई, हट्ट करू नका हो. आमच्याकडे बघा.

भागोजी: तुमच्याकडेच बघतोय, सकिनाबाय. उद्या कुणी कागद काढला नि वाचला, सकिनाची बोट, ऑक्टोबर चौऱ्याऐंशी, भर समुद्रात बंद पडली. मुसाने वाचला. काय म्हणेल? भागोजी होता ना धक्क्यावर, झोपला होता काय?

सकिना: मुसाला मी सांगीन खरं काय ते.

भागोजी: तुम्ही सांगाल. कागद नाय सांगणार. रघू, शून्य लिही. नीट लिही, गोल. तुझा शून्य नेहमी उघडा राहतो एका बाजूने.

*

रघू: ...सबब सदर वर्कशॉप दिनांक एक जानेवारीपासून बंद करण्यात येत आहे. कर्मचारी भागोजी यांची नेमणूक खाडीतल्या बर्फ कारखान्याच्या दारावर करण्यात येत आहे. खाली सही.

भागोजी: वाचलंय मी. महिना झाला त्याला. भिंतीलाच लावलंय, इथे कारखान्याच्या दारावर, माझ्या खुर्चीच्या मागे. तू परत कशाला वाचतोस?

रघू: फाईलला लागतं. कर्मचाऱ्यासमोर वाचून दाखवलं, असं लिहावं लागतं. धोंडूकाकांचे एक्क्याण्णव झाले, काका. आता दोन्ही बंदरांचे बिघाड त्यांच्याकडे आहेत ना.

भागोजी: नट आवळतो काय?

रघू: ते फॉर्ममध्ये नाही.

भागोजी: बरं. तू आज कशाला आलायस? माझे काय परत मार्क काढणार?

रघू: नाही. सोसायटीने दुसरा अभ्यास दिलाय. तुमच्या बंदरातल्या बोटींचं डिझेल एकदम वाढलंय. मासे तेवढेच, बोटी त्याच, डिझेल जास्त. तांत्रिक कार्यक्षमता घटतेय. का घटतेय ते शोधायचंय. बरं झालं चाची, आलात तुम्ही. नाव सकिना, बोटी एक. रोज डिझेल किती जास्त लागतं?

सकिना: चार लिटर.

रघू: कशासाठी?

सकिना: समुद्रात जायच्या आधी बोट उलटी खाडीत येते. हितपर्यंत.

रघू: बर्फ घ्यायला?

सकिना: बर्फ आदल्या दिवशीच भरलेला असतो.

रघू: मग कशासाठी? कारण लिहायचंय, चाची. रकाना मोकळा सोडता येत नाही. भागोजीकाका, तुम्ही तरी सांगा.

भागोजी: मला काय विचारतोस? मी लाद्या मोजतो. मधेच हात वर होतो, एवढंच.

रघू: एकोणीस बोटी, रोज चार लिटर, शहात्तर लिटर. वरच्यांना हे काय म्हणून सांगू? अर्धा मैल उलटं येऊन परत जायचं, याला काहीतरी कारण असेल ना?

सकिना: लिही. त्या चौदाव्या दिवशी सुलेमानच्या बोटीवर सात माणसं होती.